मार्कंड्याजवळच्या मातीच्या घराचे कवेलूचे छप्पर काढून स्लॅब टाकावा की टिन?

आपण विचारले आहे की, गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंडा देवस्थानापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आजोबांच्या मातीच्या घराचे कवेलूचे (कौलांचे) छप्पर दर पावसाळ्यात गळते, वानरे कवेलू फोडतात, तेव्हा ते उतरवून स्लॅब टाकावा की टिनाचे पत्रे. मी चामोर्शी तालुक्यातच राहतो. अभियंता नाही, पण वडिलांच्या अशाच घराचे छप्पर मी उभे राहून बदलून घेतले आहे आणि त्यात पदरचे पैसे घालून काही चुकाही केल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की स्लॅबचा विचार सोडून द्यावा, आणि टिन की कवेलू हे आतले लाकूड तपासल्याशिवाय ठरवू नये.

स्लॅबचे कारण वजनाचे आहे. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला, तर त्याचे वजन सुमारे 2900 किलो भरते. तेवढ्याच खोलीवरच्या मंगलोरी कवेलूंचे वजन चारशे-साडेचारशे किलोच्या आसपास असते आणि टिनाचे पन्नास किलोच्या आत. मातीची भिंत कितीही जाड असली तरी तिच्यावर स्लॅब ठेवता येत नाही. त्यासाठी पायापासून कॉलम उभे करावे लागतात, आणि खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पायाही खोल न्यावा लागतो. म्हणजे छप्पर बदलण्याच्या नावाखाली आपण नवे घरच बांधणार.

आणि घर देवस्थानाच्या अगदी जवळ असेल, तर नेमके तेच आपल्याला तिथे कायद्याने करता येणार नाही. मार्कंड्याचा मंदिरसमूह केंद्र सरकारने संरक्षित केलेले स्मारक आहे. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढील 200 मीटरचा भाग विनियमित, म्हणजे परवानगी घेऊनच बांधकाम करता येणारा, मानला जातो. प्रतिबंधित भागात नवे बांधकाम होत नाही. मात्र घर 16 जून 1992 पूर्वीचे असेल, तर दुरुस्ती व नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतर परवानगी मिळू शकते. या कायद्यातील दुरुस्तीच्या व्याख्येत पुनर्बांधणी बसत नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. परवानगीशिवाय काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून प्रथम घराचे अंतर मोजून घ्यावे, ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा (घरपट्टीच्या नोंदीचा) जुना उतारा काढावा, घराचे चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि अर्जात ‘त्याच उंचीचे, त्याच उताराचे छप्पर’ असे स्पष्ट लिहावे. हाकेचे अंतर म्हणजे शंभर मीटरच्या आत की बाहेर, यावर बरेच अवलंबून आहे.

आता लाकडाविषयी, कारण खरी मेख तिथेच आहे. छप्पर गळले की आपण कवेलूंना दोष देतो. पण आमच्या घरी कवेलू उतरवल्यावर दिसले की मधला मयाल (छप्पर तोलणारी आडवी तुळई) एका टोकाला वाकला होता, त्यामुळे पाख्याला, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूला, पोट आले होते आणि पाणी वळचणीकडे जाण्याऐवजी त्या खोलगट जागेत रेंगाळून आत उतरत होते. अशा छपरावर कितीही नवी कवेलू चढवली तरी ते गळणारच. म्हणून आडा (छपराच्या शेंड्यावरची तुळई), मयाल आणि फाटे (उतरते वासे) एकेक करून पाहावेत, हातोडीने ठोकून पाहावेत, आणि विशेषतः भिंतीत गेलेली टोके टोच्याने टोचून पाहावीत. लाकूड आधी तिथेच ओल धरते आणि उधई (वाळवी) तिथूनच वर चढते. आवाज पोकळ आला किंवा टोच्या सहज रुतला, तर ते लाकूड बदलावे. सागाचा जुना आडा मात्र वरून काळा पडला म्हणून फेकू नये. आमचा आडा सुताराने चार ठिकाणी तासून पाहिला आणि आत तो नव्यासारखा निघाला. नवे लाकूड घ्यावेच लागले तर वनविभागाच्या डेपोतून किंवा परवानाधारक आरा मशीनवरून घ्यावे आणि पावती व वाहतूक परवाना जपून ठेवावा. गडचिरोली जिल्ह्यात विनापावतीचे सागवान घरात असणे ही नसती डोकेदुखी आहे.

लाकूड धड निघाले, तर माझे मत खाली टिन आणि वर कवेलू या बाजूचे आहे. नुसते टिन स्वस्त पडते, वानरांनी उड्या मारल्या तरी फुटत नाही, पण एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या उन्हात दुपारी त्याखाली माणूस बसू शकत नाही, आणि अवकाळी वादळात नीट न बांधलेला पत्रा शेजारच्या वावरात जाऊन पडतो. दोन्ही असले की वानराने कवेलू फोडले तरी पाणी टिनावरून वाहून जाते, आणि मधल्या पोकळीमुळे उष्णता कमी उतरते. खर्च वाढतो, हे खरे. उतार एक फुटाला किमान सहा इंच ठेवावा. रिपांमधील (कवेलू ज्यांवर बसतात त्या लाकडी पट्ट्यांमधील) अंतर मंगलोरी कवेलूला साधारण साडेबारा इंच लागते, पण ते विकत आणलेल्या कवेलूवर मोजूनच ठरवावे. टिनाचे स्क्रू पन्हाळीच्या उंचवट्यावर मारावेत, खोलगट भागात नव्हे. देशी कवेलूच वापरायची असतील, तर नवीन घडवणारे कुंभार आता फार थोडे उरले आहेत. मात्र घरकुल मंजूर झाल्यावर जुनी घरे पाडणाऱ्यांच्या अंगणात चांगली कवेलू ढिगाने पडलेली असतात.

आपण समुद्रातल्या बेटांवरील जुन्या घरांचे व्हिडिओ पाहून न गंजणारे महागडे खिळे व हुक घेण्याविषयीही विचारले आहे. तिथे खारा वारा लोखंड खातो, म्हणून तो खर्च योग्य ठरतो. आपल्याकडे साधे जस्त चढवलेले हुक पुरतात. तेच पैसे लाकडावर लावावेत.

कामाची वेळ चुकवू नये. धानाची मळणी आटोपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत काम धरावे. पुढे लोक मोहफुले वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्त्याला जातात, आणि मग दुप्पट मजुरी देऊनही कोणी मिळत नाही. मी हेच चुकलो. मे महिन्यात सगळे छप्पर एकदम उघडे केले, सुतार चार दिवसांसाठी म्हणून गेला तो पंधरा दिवस फिरकला नाही, आणि मधल्या एका अवकाळी पावसात मागची भिंत अर्धी विरघळली. ती पुन्हा उभारायला छपराइतकाच खर्च आला. आपण एका वेळी एकच पाखे उघडावे, ताडपत्री आधी आणून ठेवावी, आणि उतरवलेल्या कवेलूंतील निवडक दीड-दोनशे गोठ्यात रचून ठेवावीत, कारण वानरे पुढच्या वर्षीही येणारच आहेत.