पन्नाशीच्या आत निवृत्ती घेतलेली माणसे दिवसभर नेमके काय करतात?

आपण विचारले आहे की, लवकर निवृत्ती घेतलेल्या माणसांचा रोजचा मोकळा वेळ नेमका कशात जातो आणि सुरुवातीची नवलाई ओसरल्यावर त्यांना घर खायला उठते का. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली, त्याला आता सहा वर्षे होत आली. लवकर निवृत्तीचा विषय निघाला की बहुतेक जण पैशांचेच विचारतात. वेळेचे विचारणारे विरळाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आठवड्याचे तास १६८. त्यातले कामाचे ४५, जाण्यायेण्याचे साडेसात आणि सकाळच्या धांदलीचे अडीच, असे ५५ तास माझी नोकरी घेत असे. ती सुटली म्हणजे हे ५५ तास छंदांसाठी हाती आले, असे मी गृहीत धरले होते आणि व्हायोलिन, जलरंग, एक परदेशी भाषा, वाचायची राहून गेलेली पुस्तके अशी यादीही करून ठेवली होती. प्रत्यक्षात काय चालले आहे हे माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले, कारण दिवस रिकामा वाटतच नव्हता. उलट संध्याकाळी दमायला होत असे. मात्र नवऱ्याने घरी आल्यावर ‘आज काय केलेस?’ असे विचारले, की सांगण्याजोगे काही आठवत नसे.

शेवटी मी दोन आठवडे एका वहीत दर अर्ध्या तासाची नोंद ठेवली. त्यातला एक बुधवार मला अजून आठवतो. सव्वादहा ते पावणेबारा या वेळेपुढे ‘कपाट आवरणे’ असे लिहिले आहे. हे आवरणे म्हणजे एका खणातल्या जुन्या पावत्या बाहेर काढणे, त्यांतली एक वाचत बसणे, तिचा हिशेब जुळतो का हे पाहायला दुसरी शोधणे आणि अखेर सगळ्या पावत्या पुन्हा त्याच खणात ठेवून देणे. नोकरीत असताना हेच काम मी रविवारी वीस मिनिटांत उरकले असते, आणि कदाचित अधिक चांगले. दोन आठवड्यांची बेरीज केली तेव्हा मोबाईलचे रोजचे सरासरी तीन तास निघाले आणि व्हायोलिनची दोन्ही आठवड्यांची मिळून ४० मिनिटे.

ब्रिटिश इतिहासकार नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकात लिहिले होते की, जितका वेळ हाती असेल तितके काम पसरत जाते. हा नियम त्यांनी त्याच लेखात सरकारी कचेऱ्यांना लावला, पण त्यांनी आरंभीच दिलेले उदाहरण कचेरीचे नव्हतेच. भाचीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात अख्खा दिवस घालवणाऱ्या, वेळच वेळ असलेल्या एका वृद्ध बाईंचे होते. त्या बाईंना मी पूर्वी हसले असते.

याहून गंभीर दाखला ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावाचा आहे. तिथली कापड गिरणी बंद पडल्यावर जवळजवळ सगळे गाव बेकार झाले आणि समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांच्या दिनक्रमाचा बारकाईने अभ्यास करून तो १९३३ साली प्रसिद्ध केला. वेळ अमाप होता आणि वाचनालयाने पुस्तकांचे शुल्कही माफ केले होते, तरी १९२९ ते १९३१ या काळात नेली जाणारी पुस्तके जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने सावकाश चालू लागले आणि अनेकांनी घड्याळ बाळगणे सोडून दिले. त्या लोकांवर बेकारी लादली गेली होती आणि त्यांच्या घरी विपन्नावस्था होती, त्यामुळे स्वखुशीने आणि गाठीला पुंजी बांधून बाहेर पडलेल्या माझ्यासारखीने त्यांच्याशी बरोबरी सांगणे योग्य नव्हे. तरीही याहोडा यांनी पुढे मांडलेली गोष्ट मला तंतोतंत पटली: नोकरी पगाराखेरीज दिवसाला आखणी देते, घराबाहेरच्या माणसांशी गाठ घालून देते आणि आपल्यावाचून कुणाचे तरी अडते ही जाणीवही देते. या गोष्टी नोकरीबरोबर निघून जातात आणि नुसत्या छंदांनी त्यांची जागा भरत नाही, कारण छंद उद्यावर ढकलला तरी विचारणारे कोणी नसते.

माझा दिवस ताळ्यावर आला तो दुसऱ्या माणसांना दिलेल्या वेळांमुळे. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेदहाला मी एका दृष्टिहीन गृहस्थांना वाचून दाखवायला जाते. पोहोचते तेव्हा खिडकीजवळ दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या असतात, आणि मी खूण शोधत पाने चाळत असताना ते मागच्या वेळचे शेवटचे वाक्य शब्दन् शब्द म्हणून दाखवतात. पाच मिनिटे उशीर झाला तर ते काही बोलत नाहीत, फक्त घड्याळाच्या काचेवरून बोट फिरवतात. व्हायोलिनसाठीही मी बुधवारची शिकवणी लावली, तेव्हा कुठे ते पेटीतून बाहेर आले. जलरंग आणि परदेशी भाषा मात्र सुटल्या त्या सुटल्याच, आणि त्याची खंतही वाटत नाही.

व्यायामाबद्दल फार लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे नोकरीत कधी जमली नव्हती, ती आता तीन सकाळच्या चालण्यातच भरतात. पण ५५ तासांपुढे अडीच तास म्हणजे काहीच नाही, हेही त्यातून कळते.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवते, विशेषतः आपण स्त्री असाल तर. ‘तू काय, घरीच असतेस’ हे वाक्य पहिल्याच महिन्यात कानी पडू लागते आणि मग नातेवाइकांची बँकेची कामे, दुरुस्तीवाल्याची वाट पाहणे, कुणाला तरी डॉक्टरांकडे नेणे हे सारे आपोआप आपल्याकडे येते. यातले पुष्कळसे मी आनंदाने करते, पण मंगळवार, बुधवार आणि शुक्रवारच्या सकाळी मी मिळणार नाही, हे घरात आणि बाहेर स्पष्ट सांगायला मला वर्ष लागले.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. होय, कंटाळा येतो, आणि तो बहुधा दुपारी तीनच्या सुमारास येतो. त्या वेळी समवयस्क मित्रमैत्रिणी कामावर असतात आणि फोन करावा तर त्या मीटिंगमध्ये असतात. सुरुवातीला मी तो तास मोबाईलने भरत असे. आता बहुतेक वेळा तसाच राहू देते आणि खिडकीशी बसते. आपण राजीनाम्याचा विचार करत असाल, तर त्याआधी चार आठवड्यांची सलग रजा घ्या, कुठेही प्रवासाला जाऊ नका आणि दर अर्ध्या तासाची नोंद वहीत ठेवा. पहिला आठवडा विश्रांतीतच जाईल, तो हिशेबात धरू नका.