विचारा बिनधास्त: शार्क काचेसमोर नुसता लटकलाय का?

प्रश्न: परवा झोप येईना म्हणून टीव्हीवर 'जॉज ३' लावला. पहिला जॉज बघून मी लहानपणी तारकर्लीला गुडघ्याच्या पुढे पाण्यात गेलो नव्हतो, आणि हा बघताना एवढा हसलो की बायको उठून बसली. शेवटी शार्क काच फोडायला येतो तेव्हा पोहतच नाही हो, नुसता लटकलाय आणि मोठा होत चाललाय! एक तुटका हात पण मधेच उगाच तरंगत राहतो. एवढ्या मोठ्या स्टुडिओला हे दिसलं नाही?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: अहो, तो हात तुमच्या नाकासमोर यायला हवा होता! 1983 ला हा पिक्चर थेटरात 'जॉज थ्री-डी' म्हणून आला, लोक चष्मे लावून बघणार हे धरूनच असे सीन घातले, टीव्हीवर चष्मा गेला आणि हात तेवढा राहिला. त्यात तेव्हाच्या पद्धतीत डाव्या-उजव्या डोळ्याची दोन चित्रं फिल्मच्या एकाच फ्रेममध्ये वर-खाली बसवायचे, टीव्हीसाठी त्यातलं एकच घेऊन ताणायचं, मग चित्र गढूळ दिसणारच.

पण काचेचा सीन चष्मा लावूनही फालतूच आहे, त्याला माफी नाही. गंमत म्हणजे दिग्दर्शक जो अल्व्हेस, पहिल्या जॉजचा यांत्रिक शार्क ज्याने डिझाइन केला तोच माणूस. तो शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून पहिल्या जॉजचा दिग्दर्शक स्पीलबर्ग याने त्याला बराच वेळ लपवला आणि आपली तंतरली. इथे लपवून कसं चालेल, लोकांनी तिकीटच शार्क अंगावर यायचं काढलेलं.

प्रश्न: त्यातली शार्क मादी 35 फुटांची दाखवलीय आणि पिल्लू मेल्यावर ती सागरी प्राण्यांच्या पार्कात धुमाकूळ घालते. असं असतं का?

उत्तर: छे! ग्रेट व्हाइट, म्हणजे पिक्चरमधली शार्कची जात, जास्तीत जास्त 20 फुटांच्या आसपास, आणि पिल्लं जन्मली की आईचा त्यांच्याशी संबंध संपला. पिल्लू टाकीत मरतं ते मात्र पटण्यासारखं आहे. हा मासा पोहत राहिला तरच कल्ल्यांतून पाणी जातं नि श्वास चालतो, म्हणून ते डायव्हर त्याला धरून पाण्यात फिरवतात ना, तो अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात शहाणा सीन. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे बे मत्स्यालयाने 2004 मध्ये एक छोटी मादी ठेवली होती, 198 दिवसांनी समुद्रात सोडून दिली, तर तेवढ्याचंही केवढं कौतुक झालं.

प्रश्न: माझ्याकडे 'छोटा चेतन' या थ्री-डी पिक्चरचा चष्मा अजून जपून ठेवलाय. तो लावून बघू का?

उत्तर: बघा की, टीव्ही जरा काळपट दिसेल, बाकी काही नाही. त्या चष्म्याला पडद्यावर दोन चित्रं लागतात आणि पडदाही चंदेरी. चष्मा ठेवा मात्र जपून, आमच्याकडचा भावाने उन्हात क्रिकेट खेळताना घातला आणि त्यावरच बसला.