पासपोर्टवरचा 'लेट' चुकीचा नाहीये, फक्त जुना आहे

तुम्ही विचारलंय की आपल्या पासपोर्टच्या आत 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' असं छापलंय, पण लेट म्हणजे तर करू देणं, मग हा अर्थ उलटाच होत नाही का, ही छपाईतली चूक आहे का आणि असे अजून शब्द आहेत का.

चूक अजिबात नाही. इथला लेट म्हणजे अडथळा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दोन वेगवेगळी क्रियापदं होती, एकाचा अर्थ सोडणं, करू देणं आणि दुसऱ्याचा अडवणं, रखडवणं, आणि हे दुसरं 'गाडी लेट आहे' मधल्या लेटच्या कुळातलं. आपला खोळंबा शब्द इथे एकदम फिट बसतो कारण त्यात उशीर पण आहे आणि अडकणं पण. पुढे उच्चार झिजत झिजत दोन्ही सारखेच झाले आणि बराच काळ दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदले. शेक्सपिअरचा हॅम्लेट बापाच्या भुताच्या मागे निघतो, मित्र त्याला धरून ठेवतात, तेव्हा तो म्हणतो 'आय'ल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी', म्हणजे मला जो अडवेल त्याचंच भूत करीन. आजचा अर्थ लावलात तर जो जाऊ देतोय त्यालाच हा मारायला निघालाय असं होतं. एकाच शब्दाचे असे दोन उलटे अर्थ बोलण्यात किती दिवस टिकणार, शेवटी अडवण्याचा अर्थ मागे पडला, पण कायद्याच्या भाषेत तो राहिला आणि खेळात राहिला. टेनिसमध्ये सर्व्हिस नेटला लागून पलीकडे बरोबर पडली की 'लेट' म्हणतात ना, तो हाच.

मला या सगळ्याचा नाद लागला तो नगरला एका मित्राच्या घरी. त्याच्या आजोबांचं जुनं इंग्रजी बायबल होतं, १६११ सालचं जे भाषांतर आहे ना, त्याचीच प्रत, आणि मी सहज उघडलं तर ११९व्या स्तोत्रात एक वाक्य दिसलं, 'आय प्रिव्हेंटेड द डॉनिंग ऑफ द मॉर्निंग'. मी पहाट होऊ दिली नाही? कितीतरी वेळ मी तिथेच अडकून बसलो. शेवटी त्याच्या आजीने मराठी पवित्र शास्त्र काढून तेच वचन दाखवलं, तिथे सरळ उजाडायच्या आधी उठल्याचं लिहिलेलं. प्रिव्हेंट म्हणजे मुळात लॅटिनमधून 'आधी येणं', बस्स. मग एखाद्याच्या आधी पुढे जाऊन उभं राहिलं की आपण त्याच्या वाटेत येतो, त्यातूनच अडवणं हा अर्थ आला असणार हे लगेच पटतं, आपण पण 'आडवा आला' म्हणतोच की.

त्याच बायबलमध्ये अगदी पहिल्या अध्यायात देव माणसाला झाडपाला आणि फळं देतो आणि म्हणतो हे तुम्हाला 'मीट' म्हणून. मीट म्हणजे तेव्हा कुठलंही अन्न. मुंबईत मिठाईच्या दुकानावर 'स्वीटमीट' लिहिलेलं बघून दचकलेले लोक मी पाहिलेत, तिथे हाच जुना अर्थ आहे, मांसाचा काही संबंध नाही. कॉर्नचंही असंच. आपल्याला कॉर्न म्हटलं की मक्याचं कणीस दिसतं, पण इंग्लंडमधले १८४६ साली रद्द झालेले कॉर्न लॉज हे मुख्यतः गहू वगैरे धान्याबद्दलचे, म्हणून आपल्याकडे 'धान्य कायदे' म्हणतात ते अगदी बरोबर आहे. नाइस म्हणजे आधी मूर्ख, मग नखरेल, मग चोखंदळ आणि काटेकोर आणि बऱ्याच नंतर छान. सिली बरोबर याच्या उलट दिशेने गेला, तो मुळात सुखी, धन्य असा होता. गर्ल म्हणजे सातशे वर्षांपूर्वी मुलगा काय मुलगी काय, कुठलंही पोर.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो डिअर, हरीणवाला. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ नुसता प्राणी. किंग लिअरमध्ये उंदीर-घुशींना 'स्मॉल डिअर' म्हटलंय. आणि आता आपल्या मृगाकडे बघा! संस्कृतात मृग म्हणजे रानातला कुठलाही प्राणी, म्हणून तर सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग आणि शिकार म्हणजे मृगया. मराठीत तो आकसून हरणापुरता राहिला, पण शेजारी कन्नडमध्ये मृग म्हणजे अजूनही प्राणीच, तिकडे प्राणीसंग्रहालयाला मृगालय म्हणतात. जर्मनमध्येही डिअरचा भाऊ 'टिअर' अजून प्राणी याच अर्थाने चालतो. इंग्रजी आणि मराठीने हे काही एकमेकांचं बघून केलेलं नाही, तरी दोन्हीकडे रानातले सगळे प्राणी गळले आणि हरीण तेवढं उरलं. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला त्या रात्री झोप नव्हती, खरंच सांगतो.

तुम्ही जुनं इंग्रजी वाचणार असाल तर एक सांगतो, अवघड शब्दांची भीती नको, ते आपण डिक्शनरीत बघतोच. फसवतात ते लेट, मीट, नाइस असे सोपे, कारण ते आपल्याला येतात असं वाटतं आणि आपण बघतच नाही. वाक्य विचित्र लागलं की आधी त्यातला सगळ्यात सोपा शब्द तपासा. मोठी ऑक्सफर्ड डिक्शनरी, जिचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये, तिच्यात अर्थ सगळ्यात जुन्यापासून क्रमाने दिलेले असतात, कॉलेजच्या लायब्ररीत मिळाली तर तीच बघा. आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश वापरत असाल तर त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, म्हणजे त्यातलं इंग्रजीसुद्धा तेव्हाचं आहे, तिथेही हीच काळजी घ्या.