पणजीत साठच्या दशकाची थीम असलेली पार्टी आहे, नवीन खरेदी न करता काय घालू?

आईचं किंवा आजीचं कपाट उघडा. चापूनचोपून नेसलेली साडी आणि अंगाबरोबर बसणारा बिनबाह्यांचा ब्लाउज, एवढ्यावर ते दशक लगेच ओळखू येतं. साडी शिफॉनची किंवा पातळ जॉर्जेटची, एकरंगी नाहीतर ठिपक्यांची. नायलॉन त्या काळाला शोभतं खरं, पण आपल्या दमट हवेत तासाभरात अंगाला चिकटेल; मी तरी टाळेन. पदराच्या अरुंद घड्या खांद्यावर पिन करा, नाहीतर नाचताना सगळं लक्ष तिकडेच.

खरा खेळ केसांचा आणि डोळ्यांचा. टाळूवरचे केस उलटे विंचरून फुगवा, वरचा थर गुळगुळीत बसवा, मागे अंबाडा. आयलायनर डोळ्याच्या कोपऱ्याबाहेर वर ओढा. साधना कटचा, म्हणजे अभिनेत्री साधनासारख्या कपाळावरच्या झालरीचा मोह होईल, पण एका संध्याकाळसाठी कात्री कशाला? क्लिपची झालर लावा. अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, माळलात तर गोवाही आला. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बघा.

बेलबॉटम मात्र नको, ती फोफावली सत्तरच्या दशकात. सोबत पुरुष असेल तर त्याला अरुंद टाय आणि तंग पँट पुरे.