नागीण सुकली, पण आग जात नाही

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी तिला उजव्या बरगडीवर नागीण झाली. फोड सुकले, पण आग राहिली. साडीचा पदर नुसता घासला तरी ती कळवळते. ट्रामाडॉलने थोडा उतार पडला, मात्र चक्कर आणि बद्धकोष्ठ मागे लागले. शेजारच्या काकांना कर्करोगासाठी मॉर्फिन मिळते आणि त्यांना शांत झोप लागते. तेच आईला देता येईल का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपल्या आईंची वेदना खरी आहे, हे आधी घरातल्या सर्वांनी मानावे, त्वचा बरी दिसते म्हणून ‘मनाचे खेळ’ असे त्यांना कोणी म्हणू नये. कांजिण्यांचा विषाणू मज्जारज्जूलगतच्या चेतापेशींत वर्षानुवर्षे दडून राहतो आणि उतारवयात उसळला की ती नसच जखमी करतो. मग पदराच्या स्पर्शाचा निरोपही मेंदूकडे आगीचा म्हणून जातो.

मॉर्फिन ज्यांना चिकटून काम करते ते ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे अफूवर्गीय औषधे ज्यांवर बसतात त्या पेशींवरच्या जागा, १९७३ साली प्रयोगशाळेत दाखवले गेले. म्यू, डेल्टा आणि कप्पा हे त्यांचे मुख्य प्रकार असून वेदनाशमनाचा मोठा भार म्यूवर असतो. काकांच्या गाठीमुळे ऊती दुखावतात तेव्हा नसांच्या टोकांवरचे हे रिसेप्टर बहुधा शाबूत असतात, म्हणून औषध चांगले लागू पडते. नसच जखमी झाली की मात्र, प्राण्यांवरील प्रयोगांत दिसल्याप्रमाणे, तिच्यावरचे म्यू रिसेप्टर घटतात आणि मज्जारज्जूतील पेशी अतिसंवेदनशील होतात. मॉर्फिन अशा वेळी अगदीच निकामी ठरते असे नाही, पण डोस वाढवत न्यावा लागतो आणि त्रासही त्याच्याबरोबर वाढतो.

म्हणूनच या दुखण्यात पहिला मान दुसऱ्या औषधांचा आहे. गॅबापेन्टिन व प्रीगॅबालिन चेतापेशींच्या कॅल्शियम मार्गांवर बसून उसळलेले संदेश आवरतात. त्यांचा डोस मूत्रपिंडाची तपासणी पाहून ठरवावा लागतो. अमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटिन मेंदूकडून खाली येणारा वेदनारोधक प्रवाह बळकट करतात. तथापि ट्रामाडॉल चालू असताना यांपैकी काहीही स्वतःहून जोडू नये : शेवटच्या दोन औषधांसोबत सेरोटोनिन हे चेतापेशींतील संदेशवाहक रसायन घातक पातळीपर्यंत वाढू शकते, तर प्रीगॅबालिनसोबत ग्लानी येऊन श्वास मंदावू शकतो. ट्रामाडॉल एकदम बंदही करू नये. ते हळूहळू उतरवणे डॉक्टरांचे काम आहे.

काकांच्या गोळ्यांतली एकही गोळी आईंना देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बद्धकोष्ठाबद्दल एक सांगतो, कारण ते सांगायला रुग्ण लाजतात. ट्रामाडॉलही मॉर्फिनच्याच जातीचे औषध आहे आणि आतड्यांतही हेच रिसेप्टर असतात. त्यामुळे चक्कर सरावाने कमी झाली तरी हा त्रास सहसा सरत नाही आणि नुसत्या इसबगोलाने भागत नाही. त्यासाठी वेगळे रेचक मागून घ्यावे.

मुंबईतील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत वेदना-चिकित्सेचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. तेथे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या आणि जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या पट्टीविषयी विचारा; अखंड त्वचेवर ती बारा तासांपर्यंत ठेवता येते. तोवर बरगडीवर जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराची घडी सैलसर बांधावी, म्हणजे पदर थेट घासणार नाही.