अमेरिकेतल्या लॅटिनो घरांतल्या ऑटिस्टिक मुलांना मोठं होताना 'त्यांच्या संस्कृतीला धरून' आधार देतात, म्हणजे नेमकं काय करतात?

तुम्ही पुण्यात समाजकार्य शिकताय आणि अभ्यासात हा विषय पुढे आला, म्हणून विचारलंत: माहितीपत्रकं स्पॅनिशमध्ये छापली आणि बैठकीला दुभाषा बसवला, की झालं का?

नाही होत. मी मूळची साताऱ्याची. गेली अकरा वर्षं लॉस एंजेलिस काउंटीच्या पूर्व भागात, शाळा संपवणाऱ्या ऑटिस्टिक मुलामुलींसोबत काम करते. त्यातली बहुतेक घरं लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेली: मेक्सिको, एल साल्वादोर आणि ग्वातेमालातली. स्पॅनिश मी इथे येऊन शिकले. लिहिते ते कॅलिफोर्नियाचं. इतर राज्यांत सोयी आणि नियम बरेच वेगळे आहेत.

आधी थोडक्यात चौकट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. विशेष शिक्षणाच्या राष्ट्रीय कायद्याप्रमाणे मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत 'शाळेनंतर काय' याचा आराखडा शाळेला सुरू करावाच लागतो. कॅलिफोर्नियात हा शाळेचा आधार बाविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकतो. अठराव्या वर्षी सहीचा हक्क आईवडिलांकडून मुलाकडे जातो. त्याच सुमाराला अपंगत्वाच्या सरकारी भत्त्यासाठी त्याची मोठ्या माणसाच्या निकषांवर नव्याने तपासणी होते. याशिवाय आमच्या राज्यात 1969 चा लँटरमन कायदा आहे. त्याखाली 21 विभागीय केंद्रं चालतात आणि अशा व्यक्तीला जन्मभर सेवा देतात. हा हक्क कुणाच्या कागदपत्रांवर, व्हिसावर अवलंबून नाही.

कागदावर हे सगळं चांगलंच आहे. घोटाळा होतो तो पहिल्याच प्रश्नात.

मी नोकरीला नवीन होते तेव्हा एका आईसमोर आराखड्याचा फॉर्म घेऊन बसले. मुलगा सतरा वर्षांचा, कमी बोलणारा, बसचे सगळे मार्ग तोंडपाठ असलेला. फॉर्मवर 'स्वतंत्र राहणीमान' असा रकाना होता. मी शिकलेल्या स्पॅनिशमध्ये विचारलं की शाळा संपल्यावर तो स्वतंत्र कधी होणार, कुठे राहणार? बाई गप्प झाल्या. मान हलवली, 'सी, सी' म्हणजे 'हो, हो' म्हणाल्या, सही करून निघून गेल्या. पुढच्या तीन बैठकांना आल्या नाहीत. ऑफिसात त्यांच्या नावापुढे नोंद झाली: पालकांना रस नाही.

स्पॅनिशमध्ये 'इन्देपेन्दिसार्से' या शब्दाचा रोजच्या बोलण्यातला अर्थ 'घर सोडून वेगळं राहणं' असा होतो, हे मला नंतर कळलं. आपल्याकडे 'धाकटा वेगळा झाला' म्हटलं की जे ऐकू येतं, ते त्या माउलीला ऐकू आलं होतं: या बाईला माझ्या मुलाला घराबाहेर काढायचंय. माझं भाषांतर बरोबर होतं. माझा प्रश्नच त्या घराचा नव्हता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला विचाराल तर इथेच आहे. संस्कृतीला धरून आधार म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्या भाषेत विचारणं नव्हे, प्रश्न बदलणं. अमेरिकेतल्या बहुतेक कार्यक्रमांनी गृहीत धरलंय की मोठं होणं म्हणजे आपली खोली, आपली नोकरी, आपलं बँक खातं आणि आईवडिलांपासून अंतर. लॅटिनो घरात ऑटिझम नसलेली पंचवीस वर्षांची मुलगीसुद्धा लग्न होईपर्यंत घरातच असू शकते, पगारातले पैसे घरात देते, आजीला दवाखान्यात नेते. तिथे मोठं होणं म्हणजे घराच्या उपयोगी पडणं. मग ऑटिस्टिक भावासाठी वेगळाच मापदंड कशाला?

आता मी विचारते: घरात राहूनच त्याच्या हातात काय काय यायला हवं? घराची किल्ली त्याच्याकडे आहे का? स्वतःची गोळी स्वतः घेतो का? रविवारी सगळे जमतात तेव्हा त्याच्या वाट्याचं काम कोणतं? आणि शेवटी, हळूच: तुम्ही नसाल तेव्हा त्याच्यासोबत कोण असेल? हा शेवटचा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात मुलाच्या निदानाच्या दिवसापासून असतो. तो विचारला की बांध फुटतो, आणि मग खरं नियोजन सुरू होतं.

या लोकांच्या बोलण्यात आणि अभ्यासकांच्या लिखाणातही तीन शब्द सतत येतात. फामिलिस्मो म्हणजे कुटुंब आधी, मी नंतर. रेस्पेतो म्हणजे वडीलधाऱ्यांचा, शिक्षकांचा, डॉक्टरांचा मान. त्यामुळे समोरच्या अधिकाऱ्याला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत, आणि म्हणूनच त्या आईच्या 'सी' चा अर्थ होकार नव्हता. तिसरा कॉन्फियान्सा, म्हणजे हळूहळू जडणारा विश्वास. तो कमावायचा तर पहिली वीस मिनिटं फॉर्म पिशवीतच ठेवावा लागतो. समोर आलेली कॉफी आणि गोड पाव नाकारून चालत नाही. गावाकडे कोण कोण आहे हे विचारावं लागतं, आपलंही सांगावं लागतं. साताऱ्यात कुणाच्या घरी चहा न घेता कामाचं बोलायला लागलं तर जसं वाटेल, तसंच इथे वाटतं. पण शब्द माहीत असले म्हणजे काम झालं असं समजू नका. हे तीन शब्द पाठ करून येणारे आणि प्रत्येक लॅटिनो माणसाला त्याच साच्यात बसवणारे प्रशिक्षित लोकही मी पाहिले आहेत.

प्रत्यक्षात सर्वांत जास्त फरक पडतो तो प्रोमोतोरांमुळे. आपल्याकडच्या आशाताई डोळ्यांसमोर आणा. वस्तीतलीच बाई, थोडं प्रशिक्षण घेतलेली, घरोघरी जाणारी. लॅटिन अमेरिकेत आरोग्यकामाची ही पद्धत जुनी आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या प्राध्यापक सँडी मगान्या यांनी ती ऑटिझमसाठी वापरली. 'पेरेंट्स टेकिंग ॲक्शन' हा त्यांचा कार्यक्रम लहान मुलांच्या आयांसाठी आहे, आणि त्यात शिकवणाऱ्या प्रोमोतोरा स्वतः ऑटिस्टिक मुलांच्या आया असतात. किशोरवयीन आणि तरुण मुलांसाठी 'हुन्तोस एन ला त्रान्सिसिओन' म्हणजे 'संक्रमणात एकत्र' असा कार्यक्रम आहे. त्याचा मूळ साचा विस्कॉन्सिन विद्यापीठाचा: आठ आठवडे पालकांचा गट एका खोलीत, मुलांचा गट शेजारच्या खोलीत. तो लॅटिनो कुटुंबांसाठी स्पॅनिशमध्ये नव्याने घडवला गेला. लॉस एंजेलिसमध्ये पालक आणि व्यावसायिकांनी मिळून 1978 मध्ये सुरू केलेली 'फिएस्ता एदुकातिवा' ही संस्था तर हे शास्त्र लिहिलं जाण्याच्या कितीतरी आधीपासून स्पॅनिशमधून हक्क शिकवते आहे.

प्रोमोतोरा वेगळं काय करते? मी भत्त्याच्या अर्जाबद्दल सांगितलं की ती सरकारी माहिती असते. प्रोमोतोरा सांगते, "माझ्या पोराचाही पहिल्यांदा नाकारला होता, मग मी असं असं केलं." शिवाय 'पोब्रेसितो' या शब्दावर तीच बोलू शकते. पोब्रेसितो म्हणजे 'बिचारा'. बिचारा म्हणून वीस वर्षांच्या मुलाच्या बुटांची नाडी आई बांधते, ताट वाढून हातात देते. हे मी बोलले तर परक्या बाईने केलेली टीका ठरते. तिने "मीही बांधायचे" म्हटलं की आई ऐकते.

भाषेचंही सांगायला हवं, कारण त्याची जखम खोल आहे. आज विशीत असलेली कित्येक मुलं लहान असताना त्यांच्या आईवडिलांना सांगितलं गेलं होतं की घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळेल. दोन भाषा कानांवर पडल्याने ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडत नाही, हे त्यानंतरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं. बांधकामावर राबणाऱ्या बापाला तुटकं इंग्रजी येतं, मुलाला स्पॅनिश येत नाही, आणि हे दोघं पुढची तीस वर्षं एका छपराखाली काढणार असतात. अमेरिकेतल्या मराठी घरांतही असा सल्ला मिळाल्याचं मी ऐकलंय. कुणाला मिळाला तर कृपया मानू नका. उलट, सगळ्या लॅटिनोंची भाषा स्पॅनिश असंही नाही. लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकोतल्या वाहाकाहून आलेली झापोतेक बोलणारी आणि ग्वातेमालातून आलेली माया भाषा बोलणारी पुष्कळ कुटुंबं आहेत. त्यांच्यासमोर स्पॅनिश दुभाषा बसवणं म्हणजे चंदगडच्या आजीसमोर 'भारतीय' म्हणून हिंदी दुभाषा बसवण्यासारखं.

आता कागदपत्रांची भीती. एकाच घरात मुलगा इथे जन्मलेला नागरिक आणि आईवडील कागदपत्रांविना, असं खूप आढळतं. मुलाचा हक्क पक्का असतो, पण अर्जावर पत्ता लिहायला आईचा हात थरथरतो. 2020 साली सरकारी मदत घेतल्याने ग्रीन कार्ड अडू शकेल असा कडक नियम लागू झाला होता. तो पुढच्याच वर्षी मागे घेतला गेला, तरी ज्यांना तो लागूच नव्हता अशा लोकांनीही धसक्याने सेवा सोडल्या. अशा वेळी घरभेटीचा आग्रह धरू नये. चर्चच्या सभागृहात भेटावं, वाचनालयात भेटावं.

पैशाचं गणितही याच प्रश्नाशी बांधलेलं आहे. विभागीय केंद्रांना कुणावर किती खर्च झाला हे वंश आणि भाषेनुसार दरवर्षी जाहीर करावं लागतं, आणि त्यात लॅटिनो व्यक्तींवरचा सरासरी खर्च गोऱ्यांपेक्षा कमी दिसतो. याचं एक मोठं कारण हे की महागड्या सेवा घराबाहेर राहणाऱ्यांसाठी असतात, आणि लॅटिनो तरुण घरी राहतात. म्हणजे सांभाळ घराने करायचा आणि मदत घर सोडणाऱ्याला. हा मला अन्याय वाटतो. यावर दोन वाटा उपयोगी पडतात. एका योजनेत घरी काळजी घेणाऱ्याला तासाप्रमाणे पगार मिळतो आणि ती व्यक्ती आईसुद्धा असू शकते. दुसरी 'सेल्फ-डिटर्मिनेशन प्रोग्रॅम', 2021 पासून राज्यभर खुली झालेली: वार्षिक रक्कम ठरते आणि मदतनीस कोण हे व्यक्ती आणि घर मिळून ठरवतात. स्पॅनिश बोलणारा, त्याच्यासोबत वाढलेला मामेभाऊ पगारी मदतनीस झाला की अनोळखी माणसाला आठ महिने लागतील ते आठ दिवसांत होतं.

एक सावधगिरी मात्र अभ्यासात जरूर ठेवा. 'त्यांची संस्कृती' म्हणताना आपण आईची संस्कृती ऐकतो, मुलाची राहून जाते. तो इथे वाढलाय, इंग्रजी व्हिडिओ पाहतो, त्याला कदाचित खरंच वेगळी खोली हवी असेल. मुलींचं तर आणखी अवघड: 'घरातच राहील' याचा अर्थ पुष्कळदा 'घरातलं सगळं तीच करील' असा होतो. म्हणून मी मुलाशी किंवा मुलीशी आधी एकटीने बोलते, मग सगळ्यांसोबत. स्वतःच्या वतीने बोलायला शिकवतानाही रेस्पेतो सोडायला लावत नाही. आईला 'नाही' म्हणायचं, पण 'उस्तेद' म्हणून, आपल्या 'तुम्ही'सारखं. कायद्याचीही आता साथ आहे. 2023 पासून कॅलिफोर्नियात 'आधाराने निर्णय' या पद्धतीला मान्यता आहे: मुलाचे हक्क काढून पालकत्व कोर्टातून घेण्याऐवजी तो आपली विश्वासू माणसं निवडतो, ती समजावून सांगतात, निर्णय त्याचा. जिथे मामा, मोठी बहीण आणि बाप्तिस्म्याची धर्ममाता म्हणजे माद्रिना आधीपासूनच प्रत्येक गोष्टीत असतात, तिथे हे लोकांना पटकन कळतं.

परिणामांचे आकडे हवे असतील तर तेही सांगते. अभ्यास आहेत, पण गट लहान आहेत, आणि त्यांत आया जास्त बोलतात, तरुण कमी. त्यावर मोठा दावा करू नका.

तो बसचे मार्ग पाठ असलेला मुलगा आता सत्तावीस वर्षांचा आहे. चौथ्या बैठकीला त्याच्या आईला एका प्रोमोतोराने सोबत आणलं, तेव्हा मी फॉर्म बाजूला ठेवून त्यालाच विचारलं. त्याला रविवारी एकट्याने बसने बाजारात जाऊन आजीसाठी तोर्तिया आणायच्या होत्या. सुरुवातीचे कितीतरी रविवार मामेभाऊ मागच्या सीटवर बसून गेला, मग एक थांबा आधी उतरू लागला, मग त्याने सोबत जाणंच थांबवलं. मुलगा अजून घरीच राहतो. किल्ली त्याच्या गळ्यात असते.