अधीन राहा म्हणणारा पौल आणि दिमिष्कातली टोपली

प्रश्न : सलाम पाळकसाहेब. दफनभूमीच्या रस्त्यासाठी आमच्या तरुण संघाने तहसील कचेरीसमोर धरणे धरायचे ठरवले, तर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय काढला : अधिकारी देवाने नेमलेले, त्यांच्या अधीन राहा. पण ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानावी. शास्त्र स्वतःलाच खोडते का?
– एक वाचक, श्रीरामपूर तालुका

उत्तर : सलाम. ज्याने तो अध्याय लिहिला, तो कसा वागला ते आधी पाहा. दिमिष्कात (आजचे दमास्कस) अरीतास राजाच्या अधिकाऱ्याने पौलाला धरायला पहारा बसवला, तेव्हा हा गृहस्थ तटाच्या खिडकीतून टोपलीत बसून खाली उतरला आणि निसटला. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच हे सांगतो. फिलिप्पै शहरात चौकशीशिवाय फटके मारून त्याला नि त्याचा सोबती सीला याला कोंडले. सकाळी सोडून देण्याचा निरोप आला, तरी पौल हलेना. आम्ही रोमी नागरिक, मारलेत चारचौघांत आणि आता गुपचूप घालवता? स्वतः येऊन बाहेर काढा! अधिकारी आले, विनवण्या केल्या. (हा उतारा प्रवचनात फारसा कानावर येत नाही.)

मग ‘अधीन राहा’ कोणाला? क्लौद्य कैसर या रोमी सम्राटाने यहुद्यांना रोममधून घालवले होते. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे ख्रिस्ती जोडपे त्यांतलेच. सुमारे इ.स. 57 साली रोमकरांना हे पत्र गेले तेव्हा ती परतली होती, मंडळी त्यांच्याच घरी भरे. नुकते कुठे पाय टेकलेल्या या लोकांना पौल सांगतो : सूड घेऊ नका, कर भरा. सुडाचे वचन 12व्या अध्यायाच्या शेवटी आहे, पण अध्यायांचे आकडे शेकडो वर्षांनी पडले. ते सलग वाचा. शिवाय अधिकारी तुझ्या हितासाठी नेमलेला सेवक, हेही तिथेच लिहिले आहे.

पेत्राने येशूच्या नावाने शिकवू नका हा हुकूम मोडला, फटके खाल्ले आणि पुन्हा शिकवायला लागला. मिसरच्या राजाने, फारोने, इब्री मुलगे जन्मताच मारायला सांगितले, तेव्हा सुइणी शिप्रा आणि पुवा यांनी ते वाचवले आणि त्याला चक्क थाप मारली. मला ते अजून जरा जड जाते, पण शास्त्र त्यांना दोष देत नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या समर्थनासाठी हाच 13वा अध्याय पुढे केला जाई. 1985 साली तिथल्या ख्रिस्ती लोकांनी कैरोस निवेदनात त्याला जाहीर उत्तर दिले.

तुमच्या रस्त्यात तर आज्ञाभंगाचा प्रश्नच नाही. पौलाने थेट कैसराकडे दाद मागितली होती. आधी निवेदन द्या, वडीलधाऱ्यांच्याही सह्या घ्या, पोच घ्यायला विसरू नका. रस्ता नाहीच झाला, तर परवानगी काढून धरण्याला बसा.